वॉल्टरमामाचा पक्ष

वॉल्टरला ‘साहेब’ म्हटलं की तो भडकायचा. “साहेब लोक माझ्या बापाला खाणीत उतरवायचे. मी वेल्डरच बरा!” खरं तर आमच्या रिफायनरीच्या कामावर वेल्डिंगचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली होता. इथे आखातात, फिंतासला तो आमच्याच बिल्डिंगमध्ये एकटा राहायचा. एका भाऊबीजेला माझ्या बायकोनं, मेधानं, त्याला ओवाळलं आणि तो मुलांचा वॉल्टरमामा झाला.

शुक्रवारी आमच्याकडे वरणभात कालवत तो गावाकडचं सांगायचा. अमेरिकेतलं कोळशाच्या खाणींचं गाव. घरात येशूच्या तसबिरीशेजारी एका डेमोक्रॅट अध्यक्षाचा फोटो. “डेमोक्रॅट कामगारांचे, रिपब्लिकन मालकांचे. लहानपणी आम्हाला एवढंच राजकारण ठाऊक.” पुढे खाणी बंद पडल्या, युनियन मोडली. “आमचे पुढारी शहरातल्या शिकलेल्यांशीच बोलायला लागले. आमच्याकडे कुणी फिरकेना. मग दुसरे आले, आमच्यासारखं बोलले.” हळूहळू गाव रिपब्लिकन झालं, त्यात तोही.

त्याची एकुलती एक मुलगी एलन मात्र पक्की डेमोक्रॅट. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली, आता प्राध्यापक. एरवी साइट दणाणून सोडणारा हा माणूस तिचं नाव घेताना हळू बोलायचा.

गेल्या निवडणुकीनंतर आमच्यासमोरच दोघांचं स्पीकरफोनवर वाजलं. “मी अजून आजोबांच्याच पक्षात आहे. तुमचं काय झालं?” तिनं विचारलं. हा ओरडला, “त्यांचे हात कोळशानं काळे असायचे. तुझ्या पक्षात आता असे किती हात आहेत, दाखव!” तिनं फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

“मामा, तुम्हीच फोन लावा ना तिला,” मेधा दर शुक्रवारी म्हणायची.

एकदा तो ताटाकडे बघत म्हणाला, “आम्ही दोघंही माझ्या बापाच्याच बाजूनं भांडतोय गं. कोण बरोबर, हे सांगायला म्हातारा हवा होता.”

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी साइटवर त्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात नेलं तेव्हा शुद्धीवर होता. “एलनला फोन लाव,” म्हणाला. मी मोबाइल काढला, तोच त्यानं माझा हात धरला. “थांब. तिकडे रात्र आहे, झोपली असेल. उजाडू दे.”

दुपारी तो गेला. तिकडे उजाडल्यावर मी फोन लावला. सगळं सांगितलं, त्यानं मला का थांबवलं तेही.

“उठवायचं होतं मला,” ती म्हणाली. “उठवायचं होतं.”