आमचा निकामी मास्तर

आमच्या गावात मिडल स्कूल होतं. मराठी चौथीच्या डोक्यावर इंग्रजीच्या तीन इयत्ता बसवलेली लोकल बोर्डाची शाळा. गाव गिरणेच्या काठी, भडगावच्या खालच्या अंगाला. इमारत म्हणाल तर तीन खोल्या, पुढे एक लांब ओटा आणि ओट्यावर सावली धरणारं लिंबाचं झाड. पण त्या तीन खोल्यांबद्दल गावात जेवढी मतं होती तेवढी कलेक्टरसाहेबाबद्दलही नव्हती.

माझे वडील, ज्यांना मी आणि अख्खं गाव आबा म्हणायचं, त्यांचं मत असं की इंग्रजी शिकल्यापासून पोराला शेतात तण निंदायला सांगितलं की त्याचं पोट दुखतं, आणि हे दुखणं मराठी शाळेत असताना नव्हतं. आमच्या समोर राहणारे मारवाडी शेठ, ज्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता, त्यांचा राग गणितांवर. पुस्तकातला हौद एका नळानं भरतो आणि त्याच वेळी दुसऱ्या नळानं रिकामा होतो. शेठ म्हणत, असा हौद बांधणाऱ्याला आधी धरून आणा, मग माझ्या पोराला विचारा किती वेळ लागतो.

आम्हा पोरांचं मत वेगळ्या कारणानं वाईट होतं. आमचा हेडमास्तर मारत नसे. ऐकायला हे सुखाचं वाटतं, पण ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. मारणारा मास्तर दोन छड्या देतो आणि प्रकरण मिटतं. आमचा मास्तर शेजारी मांडी घालून बसायचा आणि समजेपर्यंत उठायचाच नाही. शाळा सुटायची, गुरं घरी यायची, आणि हा आपला शांतपणे, "बरं, पुन्हा एकदा पाहू या."

मास्तर रत्नागिरीकडचा. अंगानं छत्रीसारखा, आणि ती छत्री बारा महिने काखेत. तीन वर्षांपासून गावात होता, पण हंगामी. बोर्डानं त्याला कायम केलेलं नव्हतं. आमच्याकडचं वांग्याचं भरीत खाताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागत आणि त्या धारांमधूनच तो म्हणे, "वा! काय भरीत आहे!" त्याचा हा 'वा' गावाला झेपत नसे. एकदा त्यानं कुणाच्या तरी म्हशीला 'वा' म्हटलं, तर त्या बाईनं तो वळायच्या आत म्हशीच्या पायाला काळा दोरा बांधला.

कारण आमच्याकडे चांगल्या वस्तूला चांगलं म्हणायची पद्धत नाही. परक्यापुढे तर नाहीच नाही. गुरांच्या बाजारात बैलांसह नुसते फिरायला गेलात आणि तुमच्या आवडत्या बैलावर कुणाची नजर पडली, तर "विकायचा नाही" असं तोंडावर सांगणं उद्धटपणाचं. मग मालक सुरू होतो. हा नांगराच्या भर तासात खाली बसतो. याचा मागचा पाय धरतो. दावणीला दुसऱ्या बैलाला टिकू देत नाही. गिऱ्हाईक समजतं की हा बैल या माणसाच्या काळजाचा तुकडा आहे, आणि रामराम करून पुढे जातं. दोघांची अब्रू राहते. आबांनी आपल्या पांढऱ्या बैलाला इतक्या शिव्या दिलेल्या मी ऐकल्यात की तो बैल माणूस असता तर घर सोडून गेला असता.

तर मी इंग्रजी तिसरीत असताना दिपोटीसाहेब जळगावहून शाळा तपासायला आले. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा सगळे दिपोटी म्हणत. हे साहेब पुण्याकडचे, नवे, आणि डोक्यात काही नवीन विचार घेऊन आलेले. त्यांनी आदल्या दिवशी दवंडी पिटवली की पालकांनी आणि मुलांनी शाळेबद्दल आपलं मत साहेबांना सांगावं, ते लिहून घेतलं जाईल.

आता मत विचारायला सरकारचा माणूस येतो हेच गावात पहिल्यांदा घडत होतं. त्यात साहेबांचा पट्टेवाला आमच्या ओट्यावर ताक प्यायला बसला आणि मोठेपणाच्या भरात सांगून गेला की जळगावच्या मोठ्या शाळेला मास्तर हवेत, साहेब चांगली माणसं हेरत फिरताहेत. झालं. गेल्याच वर्षी नदीपलीकडच्या गावानं याच तपासणीत आपल्या मास्तराचे गोडवे गायले होते, आणि पंधरा दिवसांत त्याची बदली झाली होती. नवा आला तो दुपारी वर्गातच घोरायचा.

संध्याकाळी पारावर माणसं जमली. फार बोलणं झालंच नाही. काय करायचं ते प्रत्येकाला ठाऊक होतं. आबांनी घरी येऊन मला फक्त एवढं बजावलं की उद्या साहेबापुढे मास्तराबद्दल एक चांगला शब्द काढलास तर याद राख.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर टेबल, टेबलामागे साहेब आणि शेजारी लिहून घेणारा कारकून. मास्तर एका बाजूला उभा, धुतलेल्या कोटात. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली उत्सुकता होती. त्याला कायम करायचं की नाही हे त्या कागदांवर ठरणार होतं. हे त्याला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. गावात कुणालाही माहीत नव्हतं.

पहिले आबा उठले. मास्तर कसा आहे, असं साहेबांनी विचारलं.

"काही कामाचा नाही साहेब," आबा म्हणाले. "नेलात तर पस्तावाल."

शेठ म्हणाले की असल्या मास्तराला ते दुकानात तराजू पुसायलाही ठेवणार नाहीत. कुणी म्हणालं त्याला आवाज नाही, कुणी म्हणालं त्याला वेळेचं भान नाही. प्रत्येक जण टेबलाशी जाऊन अंगठा उठवत होता आणि परत येताना शेजाऱ्याकडे समाधानानं पाहत होता. बैल वाचवून घरी निघालेल्या माणसाची ती नजर मला चांगली ओळखीची होती. मास्तरानं आधी काखेतली छत्री हातात घेतली. मग ती भिंतीला टेकवली. मग तो स्वतः भिंतीला टेकला.

मग आम्हा मुलांची पाळी. साहेबांनी नेमका मला उभा केला आणि इंग्रजीत विचारलं, तुमचे मास्तर तुम्हाला काय शिकवतात?

नाटकाची हौस मला पाळण्यापासूनची. समोर अख्खं गाव बसलेलं, इंग्रजी बोलायची संधी, आणि बापाचा हुकूम. मी छाती काढून अस्खलित इंग्रजीत सांगितलं की आमचे मास्तर आम्हाला काहीही शिकवत नाहीत. त्यांनी आम्हाला युरोपातल्या नद्या शिकवलेल्या नाहीत, त्या अशा: व्होल्गा, डॅन्यूब, ऱ्हाईन. त्यांनी त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवलेली नाही, जी दोन काटकोनांएवढी असते. त्यांनी इंग्रजी क्रियापदं तर मुळीच शिकवलेली नाहीत, असं म्हणून मी एक क्रियापद तिन्ही काळांत चालवून दाखवलं. आबांना अक्षर कळत नव्हतं, पण पोरगा मास्तराला जोरात नावं ठेवतोय एवढं कळत होतं. ते मान डोलावत होते.

मला वाटलं, एवढ्यावर साहेब हसतील आणि समजतील. साहेब हसले, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि कारकुनाला लिहायला सांगितलं: मुले जात्याच हुशार, मास्तर निकामी.

तीन आठवडे गेले. एका सकाळी आबा ओट्यावर बाजेची दोरी ताणत होते आणि मी दुसऱ्या बाजूनं धरली होती. मास्तर आला. छत्री नव्हती, त्यामुळे तो अर्धाच दिसत होता. त्यानं सांगितलं की बोर्डाचं पत्र आलंय, पालकांचा अभिप्राय प्रतिकूल असल्यामुळे येत्या सुट्टीपासून त्याची नेमणूक संपेल. तो भांडायला आला नव्हता. बाजेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आबा, माझं काय चुकलं तेवढं सांगा. पुढच्या गावी तसं करणार नाही."

आबांच्या हातातली दोरी सैल पडली. त्यांनी मास्तराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग खरोखरच गोंधळून म्हणाले की तुमचं कुठं काय चुकलं? तुम्ही जाऊ नये म्हणून तर आम्ही बोललो.

मास्तराला काहीच कळेना. आबा त्याला बैलबाजार समजावून सांगू लागले, आणि जसजसे सांगत गेले तसतसा त्यांचा स्वतःचाच आवाज खाली येत गेला. दाराआडून माय ऐकत होती. ती बाहेर आली, मास्तरासमोर ताकाचा गडू ठेवला आणि आबांना म्हणाली, "मानूस काय बैल शे? तीन वरीसमा एक दिन त्याले तोंडवर चांगलं बोलनात का?"

आबा उठले. आत जाऊन त्यांनी पगडी घातली.

कजगावहून आम्ही रेल्वेनं जळगावला गेलो. आबा, शेठ आणि मी. मी का, तर साहेबाशी इंग्रजीत बोलावं लागलंच तर, अशी आबांची दूरदृष्टी. गाडीत दोघं तालीम करत होते. शेठनी आबांना विचारलं, "काय म्हणायचं ठरलं?" आबा म्हणाले, चांगला आहे म्हणायचं. मग दोघंही बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिले, जणू कुणीतरी त्यांना भर बाजारात धोतर सोडायला सांगितलं होतं.

साहेबांनी फाइल काढली आणि अंगठे दाखवले. हे तुमचेच ना? आमचेच. मग आज काय म्हणणं आहे?

आबा उभे राहिले. कपाळावर घाम. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"बरा शे," ते म्हणाले.

शेठनी मान हलवून दुजोरा दिला. एवढं मोठं वाक्य बोलून झाल्यावर आता आणखी काय हवं, अशा चेहऱ्यानं दोघं साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी टोपण लावलेलं पेन टेबलावर ठेवलं. बरा आहे, एवढंच सांगायला तुम्ही गिरणेवरून जळगावला आलात?

मग आबांचा बांध फुटला, पण तो तक्रारीच्याच बाजूनं. म्हणाले, कसला मास्तर साहेब, माणसाला चैन पडू देत नाही. प्लेगाच्या साली आम्ही घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहिलो. शाळा बंद. पोरं खूश. तर हा पठ्ठ्या फळा डोक्यावर घेऊन झोपडी-झोपडी फिरत आला. दोन कोस. उन्हाचा. म्हटलं मास्तर, मरायचं आहे का? तर म्हणे, तिसरीचे अपूर्णांक राहिलेत. माझी धाकटी तापानं गेली त्या दिवशीही आला. फळा बाहेर ठेवला, दिवसभर माझ्याजवळ बसला आणि एक अक्षर बोलला नाही. असा माणूस आहे. याचं काय करायचं सांगा.

साहेबांनी पेन पुन्हा हातात घेतलं. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव आबांनी तेव्हापासून कुणापुढे काढलं नव्हतं. तेव्हाही काढलं नाही, पण इतक्या जवळून ते पहिल्यांदाच गेले होते.

अखेर साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं की ही तक्रार म्हणून लिहू, की आणखी काही म्हणून?

"तुम्हले काय लिखनं ते लिखा," आबा म्हणाले. "पन त्याले आठेच, आमना गावमा राहू द्या."

साहेबांनी काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. बोर्डाची बैठक व्हायची होती, त्यामुळे त्यांनी तोंडी काहीच कबूल केलं नाही. परतीच्या वाटेवर आबांनी मला शपथ घातली की आत जे बोलणं झालं ते गावात कुणाला सांगायचं नाही, मास्तराला तर नाहीच. शेठही म्हणाले की झालं ते झालं, आपलं तोंड सैल सुटलं म्हणून बोभाटा कशाला.

पत्र यायला महिना लागला. त्या महिन्यात मास्तर रोज शाळेत यायचा, तितकाच शिकवायचा, पण त्यानं घरातली भांडी बांधून ठेवली होती. त्याची बायको उसन्या पातेल्यात स्वयंपाक करायची. ते पातेलं आमचंच होतं, त्यामुळे बातमी आमच्याकडे रोज येत होती.

मग एके दुपारी पोस्टमन ओट्यावर आला. मास्तरानं लिफाफा फोडला, वाचला, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. कायम. आम्हाला काही न सांगता त्यानं सुरू असलेलं वाक्य पूर्ण केलं. आणि मग मला जवळ बोलावून अगदी हळू विचारलं, "आबा तिथं माझ्याबद्दल काय म्हणाले रे?"

शपथ घातलेली. पण मास्तरानंच आम्हाला खोटं बोलायचं नाही म्हणून शिकवलेलं. मी मधला मार्ग काढला आणि जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढंच सांगितलं. "ते म्हणाले, बरा आहे."

मास्तर माझ्याकडे पाहतच राहिला. तीन वर्षं खानदेशात काढलेला माणूस तो.

"खरंच?" तो म्हणाला. "एवढं म्हणाले?"

मी मान हलवली. तो उठला, कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली, आणि त्या आनंदात त्याला पोरांसाठी काहीतरी करावंसं वाटलं. शाळा सुटायला पाच मिनिटं उरली होती. त्यानं फळ्यावर हौदाची बारा गणितं घातली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

त्या घटकेला शाळेबद्दल माझं जे मत होतं, ते घ्यायला मात्र कुणी दिपोटी आला नाही.