साडूंचे एकेचाळीस प्रश्न

आधी तपासल्याशिवाय पृथ्वीवरच्या कुठल्याही वस्तूवर माणसाचा भार टाकू नये, असे मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान मूळचे गुहागरकडचे. आयटीआय करून बहारीनला आले आणि सित्र्याला एका कंत्राटदाराकडे स्कॅफोल्डिंग इन्स्पेक्टर झाले. मोठमोठ्या टाक्यांभोवती कामगारांना चढायला लोखंडी पाइपांची परांची बांधतात, ती रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी तपासायची हे त्यांचे काम. ठीक असेल तर शिडीला हिरवा टॅग, नसेल तर लाल. लाल टॅग लागला की कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसे खाली ताटकळत, मॅनेजर घड्याळाकडे बघत, आणि साडू एकेक क्लॅम्प हाताने हलवून बघत. कोणी "यल्ला, यल्ला" करून घाई केली तर म्हणत, "पडल्यावर म्हणा यल्ला. घाई तेव्हा लागते." त्यांनी हिरवा टॅग लावलेल्या परांचीवरून एकही माणूस कधी पडला नाही. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांची बायको सांगे, आणि तेही त्यांच्यावर चिडलेली असताना.

चिडायला कारणे भरपूर होती. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्या शर्टाच्या खिशात दोन्ही रंगांचे टॅग असत, दोऱ्यासकट. आम्ही अरादला राहत असू, ते हमद टाउनला. शुक्रवारी जेवायला आले की आधी खुर्ची उलटी करून बघत आणि मग बसत. आम्ही नवा सोफा घेतला तेव्हा त्यांनी खाली टॉर्च मारून त्याचा मधला पाय हलतो असे जाहीर केले आणि सोफ्याच्या हाताला लाल टॅग बांधला. माझी बायको म्हणाली, "अहो, सोफा आहे तो, टाकी नाही." त्यावर साडू शांतपणे म्हणाले, "बसणार माणूसच ना, ताई?" आणि जमिनीवर मांडी घालून कोलंबीचे कालवण जेवले. एका वर्षी आमच्या ओळखीच्या पंधरा-वीस घरांच्या गणपतीत त्यांनी स्टेजलाच लाल टॅग लावला. पाहुणे हारासाठी मान पुढे करून उभे, आणि हे स्टेजखालून फक्त पाय बाहेर काढून ओरडताहेत, "कोणी चढू नका, एका खांबाखालचा जॅक अधांतरी आहे!" स्टेज पडले नसते असे माझे आजही मत आहे. पण पाहुण्यांसकट सगळे खाली सतरंजीवर बसले, कोणाला भाषण करावेसे वाटले नाही, आणि कार्यक्रम पहिल्यांदाच वेळेत संपला.

त्यांचा आणखी एक नियम असा, की तोंडी उत्तर चालत नाही. खालचा फोरमन कितीही शपथेवर "सब ठीक है" म्हणाला तरी साडू म्हणत, "लिहून दे, सही कर." त्यांच्या पुतणीला एक मुलगा सांगून आला तेव्हा मुलाला दम्याचा त्रास नाही असे त्याच्या आईने सांगितले. साडूंनी त्याला बोलत बोलत चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढवले आणि वर पोहोचल्यावर त्याला पत्ता विचारला. मुलाने पत्ता पिनकोडसह न थांबता सांगितला. लग्न झाले. साडूंनी त्या जावयाला अजून 'पिनकोड' हेच नाव ठेवले आहे.

या माणसाची मुलगी केतकी आठशे मीटर धावायची, आणि ती चांगली धावायची. साडूंना धावण्यातले काही कळत नव्हते. पण तपासण्यातले कळत होते. साइटवरचे अंतर मोजायचे चाक त्यांनी आणले आणि हमद टाउनच्या एका राउंडअबाउटपासून दुसऱ्यापर्यंतचा रस्ता स्वतः चालत मोजून खडूने खुणा केल्या. ऑगस्टच्या दमट पहाटे केतकी धावे आणि साडू मागून गाडीचे चारही दिवे लुकलुकवत, काच खाली करून येत. "श्वास!" ते ओरडत. "आय ॲम ब्रीदिंग, बाबा. ऑब्वियसली," ती पुढून ओरडे. तिला मराठी सगळे समजे, बोलणे मात्र इंग्रजीत. मराठी वाचायला ती शिकलीच नाही. मागे अडकलेला पाववाला हॉर्न न वाजवता दोघांच्या वेगाने गाडी चालवत राही. त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत झाले होते, की ही मिरवणूक चाळीस मिनिटांत संपते.

केतकी बारावीला गेली तेव्हा अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी तिच्या वेळा बघून विचारणा केली. धावायचे, शिकायचे, फी खेळाच्या शिष्यवृत्तीतून. आमच्याकडे ही बातमी जशी पोहोचायची तशीच पोहोचली. मेहुणी फोनवर माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, तीन आलीत गं," आणि ताईने विचारले, "घराणी कशी आहेत?" त्या दिवसापासून आम्ही सगळे त्यांना स्थळेच म्हणू लागलो. एक डोंगरावरचे, एक बर्फातले, एक तळ्याकाठचे. तळ्याकाठच्याचे नाव मोठे होते. त्यांच्या वेबसाइटवर मुली एका रांगेत, एकाच रंगाच्या कपड्यांत हसत होत्या.

साडूंनी तीनही ठिकाणांसाठी एकच तपासणी तक्ता केला. स्वतःच्या अक्षरात, मराठीत, पट्टीने रेघा मारून, एकेचाळीस प्रश्न. धावपट्टीचे रबर किती वर्षांचे? प्रशिक्षक किती वर्षे टिकले? आधीचे का गेले? स्पर्धेला बसने किती तास न्यायचे आणि आल्यावर सकाळचा वर्ग असतो का? सरावानंतर जेवण गरम मिळते का? व्हिडिओ कॉलवर त्यांनी बर्फातल्या प्रशिक्षकाला फोन घेऊन प्रेक्षकांच्या गॅलरीखाली जायला लावले. "सर, प्लीज, गो डाउन. शो मी जॉइंट." तो बिचारा बर्फातून वाकत गेला. केतकीने तोंडावर उशी धरली. साडू स्क्रीनला नाक लावून म्हणाले, "वन बोल्ट मिसिंग, सर. सेकंड पोस्ट." प्रशिक्षक मोठ्याने हसला आणि पुढच्या आठवड्यात नवा बोल्ट बसवल्याचा फोटो त्याने पाठवला. साडूंच्या मनात तो माणूस तेव्हाच भरला होता. "सांगितलेलं ऐकतो," ते म्हणाले. पण बाकी सगळ्यांची नजर तळ्याकाठी होती. माझीही.

आता जे लिहायचे ते लिहितो. माझे वय चौऱ्याहत्तर आहे आणि हे पुढे ढकलायला फारशी जागा उरलेली नाही.

मी जन्मभर ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळला. त्यामुळे तक्त्याचे इंग्रजी करून पाठवायचे काम साडूंनी माझ्याकडे दिले. "अण्णा, तुमची इंग्रजी कोट घातलेली," ते म्हणाले. तळ्याकाठच्या प्रशिक्षिकेला मी ते प्रश्न सभ्य भाषेत घालत गेलो आणि शेवटच्या तीन प्रश्नांपाशी थांबलो. चार वर्षांपूर्वी आलेल्या मुलींपैकी आज संघात किती आहेत? दुखापत झाली तर मुलगी धावेल की थांबेल हे डॉक्टर ठरवतो की प्रशिक्षक, आणि थांबली तर शिष्यवृत्ती राहील हे लिहून द्याल का? मध्येच सोडून गेलेल्या दोन मुलींचे फोन नंबर द्याल का?

माझ्या धाकट्या बहिणीचे ठरत आलेले लग्न आमच्या वडिलांच्या एका जादा चौकशीने मोडले होते. मुलाची पहिली नोकरी का सुटली, एवढेच त्यांनी विचारले. सुपारी फोडायला आलेली माणसे पोहे अर्धे टाकून उठली. आपण मुलीकडचे आहोत, मुलीकडच्यांनी इतके खोदून विचारू नये, हे माझ्या अंगात त्या दिवसापासून मुरलेले आहे. माझ्याकडच्या प्रतीत मी ते तीन प्रश्न पेन्सिलीने खोडले आणि अडतीस पाठवले. समोर विद्यापीठ आहे, व्याही नाहीत, हे मला त्या वेळी सुचलेसुद्धा नाही.

उत्तर फार गोड आले. साडूंनी ते छापून आणले, स्वतःच्या तक्त्यावर बरोबरच्या खुणा करत गेले आणि शेवटी म्हणाले, "अण्णा, या तीन प्रश्नांचं काय?"

"त्याबद्दल आल्यावर समक्ष बोलू, असं म्हणाल्या," मी म्हणालो. "सगळं व्यवस्थित आहे म्हणाल्या."

"लिहून?"

"फोनवर."

कसला फोन! साडूंनी तक्त्याची घडी घालून तो खिशात ठेवला. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर नसतं चाललं. तुमचं तोंडी म्हणजे लेखीच." तळ्याकाठचे ठरले, आणि विमानतळावर त्यांनी केतकीच्या बॅगेला हिरवा टॅग बांधला. तिने तो इतर मुलांना दिसू नये म्हणून आत खोचला, पण काढला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात केतकीची नडगी दुखू लागली. दुखते तरी धाव, मोसम संपेपर्यंत धाव, असे चालले. हाडाला बारीक चीर आहे हे उशिरा कळले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती दिली नाही. तिच्याबरोबर आलेल्या सात मुलींपैकी तेव्हा संघात दोन होत्या, आधीच्या मुलींचेही तसेच झालेले होते, म्हणजे साडूंच्या एकोणचाळिसाव्या प्रश्नाचे उत्तर तिथे आयते तयार होते. विचारणारा हवा होता. केतकीने एका साध्या कॉलेजातून शिक्षण पुरे केले, फिजिओथेरपी शिकली आणि इथे परत आली. आता दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे आणि घोटे बघते. धावत नाही. विचारले तर म्हणते, "काका, इट्स फाइन, आय वॉक."

शिष्यवृत्ती गेली त्या वर्षीच्या गणपतीत एकजण साडूंना म्हणाला, "काय इन्स्पेक्टर, एवढे प्रश्न विचारलेत, मग काय झालं?" बाकीचे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या टॅगमुळे सगळेच कधी ना कधी जमिनीवर बसलेले होते. साडू म्हणाले, "इन्स्पेक्शन माझं होतं. तोंडी उत्तरावर टॅग लावला. चूक माझी." माझे नाव त्यांनी घेतले नाही. मी शेजारीच बसलो होतो आणि माझ्या ताटात दुसरा मोदक होता. तो मी खाल्ला. त्यानंतर साडूंनी खिशात टॅग ठेवणे सोडले. दिलेल्या खुर्चीवर निमूट बसू लागले. बायका म्हणाल्या, चला, सुधारले एकदाचे. मला मात्र त्यांना असे न बघता बसताना पाहणे जड जाऊ लागले, आणि तरीही मी आठ वर्षे काही बोललो नाही.

गेल्या महिन्यात साडू निवृत्त झाले. गुहागरला कायमचे जायचे ठरले. मी मुलाला गाडी काढायला लावली आणि हमद टाउनला गेलो. घरभर खोकी होती. जपून ठेवलेली तक्त्याची ती प्रत मी त्यांच्या हातात दिली आणि काय केले ते सांगितले. पत्रे लिहिणाऱ्या माणसाने बोलताना जितके अडखळावे तितका अडखळलो.

त्यांनी कागद खिडकीशी नेला. "पेन्सिलीने खोडलंत," ते म्हणाले. "म्हणजे पुसायचा विचार होता."

"असेल."

"फोन आलाच नव्हता?"

"नाही."

आत मेहुणी खोक्यांवर चिकटपट्टी लावत होती, तिचा चर्रकन आवाज दोनदा आला. मला वाटले ते ओरडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हींची तयारी मी करून गेलो होतो.

"केतकीला सांगितलंत?" त्यांनी विचारले.

"नाही. म्हटलं आधी तुमच्याशी..."

"माझ्याशी काय, अण्णा? पाय तिचा होता."

याची तयारी मी केली नव्हती. इतकी वर्षे मी साडूंचा अपराधी म्हणून जगलो. त्यांच्यापुढे मान खाली घालायची मला सवय झाली होती. त्या मुलीला मात्र वाढदिवसाला पाकीट देऊन गालाला हात लावत आलो होतो. मी म्हणालो, समोर बसून सांगायचे धैर्य माझ्यात नाही, लिहून देतो. लिहिणे मला इंग्रजीत सहज जमते, पण इंग्रजीत मी पुन्हा काहीतरी सभ्य करून टाकीन अशी भीती वाटली, म्हणून मराठीत लिहितो म्हणालो. ती मराठी वाचत नाही, हे लगेच दोघांच्याही लक्षात आले.

साडूंनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "लिहा. मी वाचून दाखवतो तिला. शुक्रवारी तिची सुट्टी असते. तुम्हीही या."

उद्या शुक्रवार आहे. त्यांचे वाचणे मला ठाऊक आहे, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, सावकाश. पेन्सिलीने खोडण्यासारखे या लिहिलेल्यात बरेच आहे. त्यांच्या बायकोने आणि माझ्या बायकोने अजून हे ऐकलेले नाही. साडू त्यातले एकही वाक्य गाळणार नाहीत. केतकी कुठे बसेल, मधेच उठेल का, इंग्रजीत काय म्हणेल, यातले मला काही सांगता येत नाही. मी तिच्या समोरच्या खुर्चीवर बसायचे ठरवले आहे.