शनवारच्या व्हरांड्यातली बैठक

शनवार वादाला बसला की आधी समोरच्याची बाजू मांडत असे. समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ म्हणेपर्यंत तो स्वतःचं मत सांगत नसे. शनिवारी तो कॉलेजला येत नसे, त्यावरून हे नाव पडलं. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, मूळ अलिबागकडचा; शनिवार त्यांचा विश्रांतीचा दिवस. वडील गोव्यात डिचोलीच्या एका खाणीत फोरमन होते.

रविवारी सकाळी कंपनीच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बैठक भरे. त्याच्या धर्मग्रंथाचं मराठी भाषांतर मध्ये ठेवायचं, दोघादोघांनी उतारा वाचायचा आणि भांडायचं. शिक्षक कोणी नाही. आम्ही पाचसहा जण, सगळे हिंदू. “हे एकट्याने वाचायची आमच्यात रीत नाही,” तो सांगे, “आणि इथे आमच्या समाजाचं दुसरं घर नाही. तुम्हीच माझे जोडीदार.” त्याची आई चहा आणि उंडे, गोव्याचे गोल पाव, आणून ठेवी.

मुळगावचा उल्हास त्याचा आवडता जोडीदार, कारण तो काहीच मान्य करत नसे. एकदा देवाच्या सांगण्यावरून बाप मुलाला बळी द्यायला नेतो, ती गोष्ट निघाली.

“बापायन भुरग्याक विचारलें ना, आवयक विचारलें ना. हो कसलो भक्त?” उल्हास कडाडला.

शनवार खूश. “अरे, आमच्या पंडितांनीही हे विचारलंय. पुढे बोल!”

राजभाषा कोंकणी की मराठी यावरून आंदोलन पेटलं तेव्हा आमच्यातला पेडण्याचा प्रभाकर शनवारला म्हणाला, “कोंकणीवाला उल्हास येणार असेल तर आम्ही येणार नाही. तू घरात मराठी बोलतोस. तू आमचा.”

“मराठी माझीच. पण उल्हास गेला तर मी वाचू कोणाबरोबर?”

“म्हणजे भाषेपेक्षा तुझी पोथी मोठी!”

प्रभाकर उठला, मागोमाग इतरही. पुढच्या रविवारी उल्हास सायकलवरून उतरलाही नाही. मराठी घरात जाण्यावरून त्याला बोल लागत होते. फाटकातूनच म्हणाला, “आमचे विचारतात, मराठीवाल्यागेर कित्याक वता? हांव येवचो ना रे.”

काही रविवार मी जात राहिलो. पण मला सगळं लगेच पटे. त्याचा त्याला उपयोग नव्हता. घरचे इस्रायलला जायचं म्हणत होते आणि तोच अडवून धरत होता. आता त्याने होकार दिला.

डिचोलीच्या बसस्टँडवर मी म्हणालो, “तिथे जोडीदार तरी मिळतील.”

“मिळतील. पण सगळे आमचेच,” तो म्हणाला. बस सुटेपर्यंत तो मुळगावच्या रस्त्याकडे बघत होता. उल्हास आला नाही.

गोवा घटक राज्य झालं तेव्हा मी वार्ताहर होतो. प्रभाकर पेडण्यात पेढे वाटत होता, उल्हास डिचोलीत. दोघांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, शनवारचं काही कळलं का. एकमेकांबद्दल कोणीच विचारलं नाही.