डेंगूचा पेशंट

काउंटरवर पपईच्या पानांच्या रसाची तिसरी बाटली आली, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. प्लेटलेट्स देणारं मात्र कोणीही आलं नव्हतं.

मी नागपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत डोनर कोऑर्डिनेटर आहे. डोनर शोधायचे, फॉर्म भरून घ्यायचे आणि कोणाच्या आजाराबद्दल तोंड उघडायचं नाही. शेवटचं काम मला चांगलं जमतं. मी तशीही कमी बोलते.

पेशंट पल्लवी, वय सत्तावीस, धरमपेठेतल्या एका ऑफिसात नोकरीला. आजार ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. केमोनंतर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, तळाला जातात. तिच्या आठ हजारांवर आल्या होत्या. हिरड्यांतून रक्त येत होतं. संध्याकाळपर्यंत एक एसडीपी हवी होती. यात एकाच डोनरचं रक्त मशीनमधून फिरवतात, प्लेटलेट्स काढून घेतात आणि बाकीचं त्याला परत देतात. दीड तासाचं काम. आमच्याकडे तिच्या ग्रुपची एकही पिशवी शिल्लक नव्हती.

तिचे वडील रिटायर्ड मास्तर. बारा दिवस वॉर्डबाहेरच्या खुर्चीवर होते. तिचा डबा स्वतः शिजवायचे, चमचासुद्धा उकळून आणायचे. एवढ्या शहाण्या माणसाने सगळ्या नातेवाइकांना आजार सांगितला होता डेंगू.

"लग्नाची पोरगी हाये, मॅडम. कॅन्सर म्हटलं का स्थळ येनं बंद."

आठ हजार प्लेटलेट्स आणि काळजी स्थळांची.

डेंगू म्हटल्यावर नागपुरात प्रत्येक जण डॉक्टर असतो. कोणी किवी आणल्या, सक्करदऱ्याहून कोणी बकरीचं दूध. वॉर्डात वडिलांशिवाय कोणाला सोडत नव्हते, म्हणून सगळे माझ्या काउंटरशी. त्यात तिचे मावसा होते. धडधाकट, ग्रुप तोच.

"काका, तुम्ही प्लेटलेट्स द्याल का? पेशंटला आवश्यकता आहे." घाबरले की माझं मराठी फॉर्मवरच्यासारखं होतं.

"डेंगूले मशीन काहून लागते? आमच्या शेजारच्याच्या प्लेटलेट्स बकरीच्या दुधानं लाखावर गेल्या! तुमी कॉन्व्हेंटवाल्या, तुमाले देशी औषध काय समजते!"

सगळे हसले. उत्तर मला माहीत होतं, पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. जिचा होता तिच्याकडे गेले. मास्क लावून दारातच उभी राहिले. वडील आत होते.

"डोनर मिळाला?" पल्लवीने विचारलं.

"नाही. खाली चौदा जण आहेत. सगळे डेंगूसाठी आलेत."

तिने हात पुढे केला. "बाबा, माझा फोन द्या."

"नको वं बेटा. लोक काय म्हनतील?"

"स्थळ पाहाले मी जिती तं राहू द्या!"

वडिलांनी फोन दिला. तिने फॅमिली ग्रुपवर लिहिलं: 'मला डेंगू नाही, ल्युकेमिया आहे. आज प्लेटलेट्स पाहिजेत. पपई नको.'

मी खाली पोचेपर्यंत गर्दी पांगू लागली होती. एकाला बस आठवली, दुसऱ्याला बीपी. एका काकूंनी सॅनिटायझरने कोपरापर्यंत हात धुतले, जणू कॅन्सर काउंटरला हात लावल्याने होतो. मावसा तेवढे उभे होते.

"तुमी काहून नाही सांगितलं?"

"मला सांगता येत नाही, काका."

"मराठीत?"

"नोकरीत."

त्यांनी बाही वर केली. "भरा फॉर्म."

त्यांच्या तपासण्या ठीक निघाल्या. पाच वाजता पिशवी वर गेली. दुसऱ्या सकाळी पल्लवीच्या प्लेटलेट्स एकतीस हजार होत्या, हिरड्यांतलं रक्त थांबलं होतं. वडील काउंटरवर आले, पुढच्या वेळेसाठी तीन डोनरांची नावं घेऊन. म्हणाले, दोन घरं फॅमिली ग्रुपमधून बाहेर पडली. ओळखीतून स्थळ आणणारी हीच दोन. एकाही घरातून कोणी सुई टोचून घेतली नव्हती.

या नोकरीत एवढं शिकले: लोक आजाराच्या नावाला मदत करतात. नाव खोटं सांगितलं, की मदत त्या खोट्यालाच पोचते.