पासवर्ड कोणाला सांगायचा?

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईकडे लोक मशीन आणतात आणि मशीनसोबत सगळं घर आणतात! बोईसरला माझं दुकान आहे. हल्ली दुरुस्तीपेक्षा एकच काम जास्त. "ताई, पोरं व्हिडिओत गुंतलीत, काहीतरी लॉक लावा!" मी लावते. पण लॉक लावून दुकानात परत येईपर्यंत त्या घरचा किस्सा तयार असतो. आता इतके साठलेत की कोणी चहाला बसलं की मी सुरू!

लॉक लावायचा हा नाद लागला तो दातिवऱ्याच्या जुईमुळे. जुई दुसरीत. बाप हरेश नाखवा, स्वतःची बोट. जुई कार्टून बघत होती, एक संपलं की दुसरं आपोआप लागत होतं, आणि त्यातच वादळात बुडणाऱ्या बोटीचा व्हिडिओ लागला. तेव्हापासून पोरगी बापाला बोटीवर जाऊ देईना. नारळी पौर्णिमा झालेली, सगळ्या बोटी निघालेल्या, आणि हरेशच्या इंजिनाची चावी सापडेना! शेवटी निघाली तांदळाच्या डब्यातून. हरेश गेला खरा, पण जुईने जेवण टाकलं.

तिची आई मालती फोनवर रडत होती. मला असा संताप आला! असलं काही या पोरीसमोर पुन्हा येता कामा नये, हे मी तिथेच ठरवलं. हरेश परतल्यावर गेले, आपोआप पुढचं लागणं बंद केलं, मुलांचे व्हिडिओ तेवढे ठेवले, पासवर्ड हरेशलाच टाकायला लावला.

*

बोईसरचे खैरनारभाऊ कारखान्यात शिफ्टला. त्यांचा हुकूम, "मी घरी असेन तेवढ्याच वेळात व्हिडिओ चालले पाहिजेत." मी तशी वेळ लावून दिली. पुढच्या आठवड्यात भाऊ तावातावाने दुकानात!

"ताई, मी कामावर असलो की पोरगा व्हिडिओवर, आणि मी घरी आलो की कॉम्प्युटर म्हणतो वेळ संपली!"

शिफ्ट बदलली होती, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार?

"भाऊ, लॉक मुलाला लावायचंय, तुमच्या ड्युटीला नाही!"

*

उमरोळीच्या एका घरात नातवासाठी लॉक लावलं आणि आजींची भजनं बंद पडली. आजी नातवाच्याच अकाउंटवर बघायच्या ना! लहान मुलांसाठी हा व्हिडिओ नाही, असं समोर येई. मला बोलावणं आलं. जाऊन बघते तर आजी कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड धरून बसलेल्या!

"सकालपासून दाखवतंय त्याला, तरी मानीत नाय!"

*

आमच्या इकडच्या माहीमच्या, नारळाची वाडी असलेल्या प्रकाशची तऱ्हा वेगळी. मुलीला नवीन काही बघायचं असेल तर परवानगी त्याच्या मोबाइलवर मागितली जाईल, अशी सोय करून दिली. बायको सांगत आली की मुलगी वाट्टेल ते बघतेय. मी प्रकाशला फैलावर घेतलं.

तो म्हणाला, "ताय, मी झाडावर असतो. तो वाजतच राहतो. 'मंजूर' दाबला का गप होतो!"

*

आणि एक दिवस मालतीचा फोन. "ताय, लॉक तुटला."

तशीच दातिवऱ्याला गेले. पासवर्ड काय होता? बोटीचं नाव! बोटीवर रंगवलेलं, मासळीच्या टबांवर लिहिलेलं, हरेशच्या टी-शर्टच्या पाठीवर छापलेलं!

"अरे, हे तर गावातली मांजरंपण सांगतील!"

"मंग दुसरा काय आठवंल मला?" हरेश म्हणाला.

जुईने तोच बुडणाऱ्या बोटीचा व्हिडिओ परत शोधून काढला होता. मी तिला जवळ घेतलं. "कशाला गं बघितलास?"

"ती मानसं काठाला लागली का, ता बघत होते."

त्याच दिवशी भरतीला हरेशला बोट घेऊन निघायचं होतं.

मी मात्र हट्टालाच पेटले. नवा पासवर्ड हवा. बोटीचं नाव नको, देवाचं नको, पोरीचं नको. आणि तो घरातल्या दोन्ही मोठ्या माणसांना ठाऊक हवा, हा माझा नियमच आहे.

हरेशने एका बोटाने सावकाश पासवर्ड टाकला आणि तो सांगायला मालतीच्या कानाशी वाकला. तेवढ्यात जुई मध्ये घुसली आणि तिने आईचे दोन्ही कान दाबून धरले.

"आयला नको सांगू."

"मंग कोनाला सांगू? तुला?"

"मला पन नको. कोनालाच नको."

"आगं, मी दर्यावर गेलो तर लॉक उघडंल कोन?"

जुईने खुंटीवरचा त्याचा रेनकोट काढला आणि त्याच्या हातात दिला.

"तूच येऊन उघडायचा."