उतारावरची किंचाळी

लेकीच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीत क्लचच नाही. तरी काल अहमदपूरच्या अलीकडे उतार लागला आणि शेजारी बसल्या बसल्या माझा डावा पाय खाली रुतला.

मी लहान होते, लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ होता. मामा जीपमध्ये पाण्याचे पिंप भरून गावाकडं निघाले होते, मी शेजारी. उतार आला की डिझेल वाचवायला ते गाडी न्यूट्रल करायचे. तेव्हा सगळेच करायचे. त्या दुपारी जीप सुसाट सुटली. मागचं पाणी डचमळत आम्हाला पुढं ढकलत होतं. जळका वास आला आणि ब्रेक लागेनासा झाला.

"मामा, गियर टाका!"

"पडंना झालाय, पोरी! गच्च धर!"

गियरचा दांडा करकरत परत फिरला. मामांनी पुन्हा क्लच दाबला, इंजिन रेस केलं, दांडा ढकलला. गियर पडला तसं इंजिन किंचाळलं आणि जीप आवरली.

"घाबरू नको आई, गाडी आपोआप गियर बदलते," लेक म्हणाली.

बदललाही असेल. उतार संपेपर्यंत मी त्या किंचाळीची वाट पाहत होते.