भिंतीला केलेला नमस्कार

चऱ्होलीच्या तानाबाईंना स्वतःच्याच आवाजाची भीती वाटू लागली, त्याची ही हकिगत आहे.

मार्गशीर्षातली दुपार होती. तानाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलगा सुजित चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता. सून वर्षाली भोसरीच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर होती. घरात सहा वर्षांची नात सृष्टी तेवढी होती आणि ती सहसा बोलत नसे. अशा वेळी आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"हात जोड. मान खाली घाल. शहाणी ना तू?"

तानाबाईंच्या बोटांत शेंग तशीच राहिली. आवाज त्यांचाच होता. शेवटच्या शब्दावरचा हेलसुद्धा त्यांचाच. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. मधल्या खोलीत सृष्टी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात जोडलेले, मान खाली. त्या भिंतीवर देवाची तसबीर नव्हती, कुणाचा फोटो नव्हता, कॅलेंडरही नव्हते.

"सृष्टे," तानाबाईंनी हाक मारली. पोरीने वळून पाहिले नाही. हाकेला ती कधीच वळत नसे.

हे कशामुळे घडले हे तानाबाईंना पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्या पोरीजवळ न जाता उंबऱ्यातूनच मागे फिरल्या.

सृष्टीला ऑटिझम आहे, हे घरच्यांना कळायला दोन वर्षे लागली होती. कुकरची शिट्टी झाली की ती फरशीवर डोके आपटी. पांढऱ्या भाताखेरीज काही तोंडात घेत नसे. दार उघडे दिसले की थेट रस्त्याकडे धावे, आणि चऱ्होलीचा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. नव्या सोसायट्यांचे डंपर दिवसभर त्यावरून जातात. काळेवाडीतल्या एका उपचार केंद्रात आठवड्यातून एकदा तिला नेत असत. तिथल्या विजयश्रीताईंचे म्हणणे होते, की आठवड्यातून तीनदा आणले तर पोर शाळेच्या दारापर्यंत पोहोचेल. पण तीनदा आणणे घराला झेपणारे नव्हते.

"सरकारी योजनेतून उपचारांचा खर्च मिळतो," विजयश्रीताई म्हणाल्या होत्या. "त्यासाठी दवाखान्यातून तपासणी करून सर्टिफिकेट आणायचं. त्यात अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याच्या वर लागतं. आजी, ती जशी आहे तशीच डॉक्टरांना दिसू द्या."

तपासणीच्या दिवसाची सुट्टी वर्षालीला मिळाली नाही. ती ठेक्यावरची कामगार. तेव्हा तानाबाई म्हणाल्या, "म्या नेते. त्यात काय मोठं?"

परक्या माणसांसमोर मुलगी कशी उभी करायची, हे तानाबाईंना एकाच प्रकारे माहीत होते. त्या तेरा वर्षांच्या असताना पाहुणे त्यांना बघायला आले होते. त्याआधी पंधरा दिवस चुलती छबूबाई रोज दुपारी त्यांच्याकडून सराव करून घेई. नाव सांग. हात जोड. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू नको. तानाबाई पसंत पडल्या. तेव्हापासून त्यांच्या मनात बसले होते, की चार लोकांसमोर जी पोर शहाणी दिसते तिचेच कल्याण होते. सरकार तरी दुसरे काय बघणार? हुशार पोरांनाच तर शिष्यवृत्ती मिळते.

म्हणून त्यांनी तीन आठवडे रोज दुपारी सृष्टीला त्या कोऱ्या भिंतीसमोर उभे केले. "हितं साहेब बसल्यात, समज," असे सांगितले. नाव सांगितले की खडीसाखर. हात जोडले की खडीसाखर. हात हलवू लागली की दटावणी. आणि नवल असे, की पोर शिकली.

दवाखान्यात सृष्टीने डॉक्टरीणबाईंना हात जोडले आणि नाव सांगितले. मग डॉक्टरीणबाईंनी तानाबाईंना विचारायला सुरुवात केली.

"स्वतःच्या हाताने जेवते का?"

"समदं खाती. ताटात पडंल ते."

"एकटी असताना काही त्रास?"

"न्हाई वो. लई गुनाची."

"रस्त्याचं भान?"

"तिच्यावानी भान तर मोठ्या मानसाला न्हाई!"

तानाबाई घरी आल्या त्या छाती पुढे काढून. संध्याकाळी वर्षालीला म्हणाल्या, "पोरीनं नाक राखलं बघ."

महिन्याने कागद आला. टक्के चाळीसच्या खाली भरले होते. विजयश्रीताईंनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून फाइलीत ठेवला. कागदावर जे लिहिले होते ते तानाबाईंनीच तर सांगितले होते. वर्षालीने भांडण केले असते तर तानाबाईंना बरे वाटले असते. ती फक्त पदराला हात पुसत म्हणाली, "आत्या, तुमच्यासारखं शिकवायला मला येत असतं तर सर्टिफिकेटच लागलं नसतं."

त्यानंतर आठच दिवसांनी भिंतीसमोरचा तो आवाज सुरू झाला.

आवाज कधी न्हाणीघराच्या दाराआडून येई, कधी पलंगाखालून. एकदा काळेवाडीच्या बसमध्ये एक बाळ रडू लागले, तेव्हा सृष्टी खिडकीकडे बघत जड, पिकल्या स्वरात म्हणाली, "रडू नको. लोक बघत्यात." पुढच्या बाकावरच्या बायांनी वळून तानाबाईंकडे पाहिले. तानाबाईंचे ओठ मिटलेले होते. एका बाईने आपले बाळ दुसऱ्या कुशीला घेतले.

शेजारच्या मंजुळाबाईंनी भिंतीला केलेला नमस्कार एकदा खिडकीतून पाहिला आणि त्या ओट्यावरच थबकल्या.

"तानाबाई, पोरीला कायतरी दिसतंय. लिंबू उतरून टाक. ही जागा बिल्डरनं उकरल्यापासून बरी न्हाई."

"बिल्डरला कशाला शिव्या देतीस? भूत न्हाई त्ये."

"मग कोन हाय?"

"म्या हाय."

"जित्या मानसाचं कुटं भूत असतं का? इतकी वर्सं तुज्या शेजारी काढली, मला कधी धरलं न्हाईस ती!" मंजुळाबाई हसल्या. पण त्या दिवशी चहा न घेताच गेल्या.

विजयश्रीताईंनी समजावून सांगितले. अशी काही मुले ऐकलेले बोलणे जसेच्या तसे मनात ठेवतात आणि पुढे कधीतरी तशाच स्वरात बाहेर काढतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. तानाबाईंनी मान डोलावली. परंतु एका दुपारी नीट कान देऊन ऐकताना त्यांना उमगले, की 'शहाणी ना तू' मधला तो हेल मुळात आपला नाहीच. तो छबूबाईचा आहे. छबूबाईला जाऊन चाळीस वर्षे झाली होती. तिचा आवाज तानाबाईंच्या घशात इतकी वर्षे राहिला आणि आता या अजाण पोरीच्या तोंडून बोलत होता. तानाबाईंनी त्या दुपारी शेंगांचे सूप बाजूला ठेवले आणि तिन्हीसांज होईपर्यंत घरात पाऊल टाकले नाही.

फेरतपासणीचा अर्ज करता येतो, असे विजयश्रीताईंनी सांगितले. "पण आजी, दुसऱ्यांदाही तसंच झालं तर मग वरच्या कचेरीत अपील. त्यात वर्ष-दीड वर्ष जाईल. आणि या वयातलं वर्ष पुन्हा मिळत नाही."

अर्ज कोणी लिहायचा? वर्षाली लिहू शकत होती. तानाबाई म्हणाल्या, "खोटं म्या बोलले, म्याच लिवनार." देवळाच्या सभागृहात भरणाऱ्या प्रौढ वर्गात त्या गेल्या आषाढापासून जात होत्या. अक्षरे मोठी आणि वाकडी येत. चार दुपारी खर्चून त्यांनी कागद पुरा केला. त्यात असे होते: 'मी डॉक्टरांना खोटे सांगितले. माझी नात हाताने जेवत नाही. ती रस्त्याकडे पळते. मी तिला तीन आठवडे शिकवून आणले होते. कृपा करून तिला पुन्हा बघावे.' विजयश्रीताई तो टाइप करून देणार होत्या. वाचल्यावर त्यांनी तो तसाच, हाताने लिहिलेलाच, पाठवून दिला.

पौषात बोलावणे आले. या खेपेला वर्षालीने दिवस बुडवला आणि तिघी मिळून गेल्या. वाटेत तानाबाई एकच गोष्ट घोकत होत्या: देवा, आज हिने हात जोडू नयेत.

खोलीचे दार उघडले. सृष्टी डॉक्टरीणबाईंच्या टेबलाला वळसा घालून सरळ कपाटाशेजारच्या मोकळ्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. तिने हात जोडले. मान खाली घातली. "माझं नाव सृष्टी," ती गोड आवाजात म्हणाली.

वर्षालीने डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिले.

पण सृष्टी तिथे थांबली नाही. खडीसाखर देणारे कोणी पुढे आले नाही, म्हणून असेल, तिने सगळा धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. आवाज बदलला. लहान पोरीच्या गळ्यातून म्हातारी बाई बोलू लागली.

"हात जोड. मान खाली घाल. हात हालवू नको, येडी म्हनतील. रडू नको. लोक बघत्यात. येडी दिसलीस तर कोन घेत न्हाई. शहाणी ना तू?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "हे कोणाचं बोलणं आहे?"

शेजारणीचे, टीव्हीतले, काहीही सांगता आले असते. तानाबाईंच्या जिभेवर ते आलेही.

"माजं," त्या म्हणाल्या. "आन् माज्याआधी माज्या चुलतीचं. बाई, मागल्या बारीला तुमाला जी दिसली ती माजी नात नव्हती. ती म्या हुते."

डॉक्टरीणबाईंनी नवा कागद घेतला. पुन्हा तेच प्रश्न आले आणि तानाबाईंनी एकेका प्रश्नाला खरे उत्तर दिले. जेवत न्हाई. झोपत न्हाई. आंगावर पानी घेत न्हाई. डंपरपुढं गेली हुती, सुजितनं दंडाला धरून वडली. पोटच्या पोराच्या पोरीचे उणे तिच्याच देखत परक्या माणसाला मोजून सांगायचे, हे भर चौकात तिच्या अंगावरचे वस्त्र ओढण्यासारखे वाटत होते. तरी त्या बोलत राहिल्या. राहिले ते वर्षालीने सांगितले.

मध्येच बाहेर व्हरांड्यात लोखंडी पाळणा सरकवल्याचा कर्कश आवाज झाला. सृष्टीने कानांवर हात दाबले आणि ती फरशीवर आडवी झाली. डोके आपटू लागली. तानाबाईंचा उजवा हात तिला उठवायला, झाकायला, गप्प करायला आपोआप पुढे गेला. त्यांनी डाव्या हाताने तो मनगटाशी धरून ठेवला. वर्षालीने फक्त आपली पिशवी पोरीच्या डोक्याखाली सरकवली. डॉक्टरीणबाई बघत होत्या. त्यांना नीट बघू दिले.

फाल्गुनात कागद आला. त्यावर साठ टक्के होते. घरात त्याबद्दल कोणी पेढे वाटले नाहीत. वर्षालीने तो देवापुढे ठेवला आणि मग तिच्या लक्षात आले, की आनंद कशाचा करायचा हे ठरवणे अवघड आहे. योजनेतून उपचार मंजूर झाले. आता सृष्टी आठवड्यातून तीन दिवस काळेवाडीला जाते. परवा तिने भाताबरोबर वरणाचा एक घास घेतला.

आवाज मात्र गेलेला नाही. जाईल की नाही, हे विजयश्रीताईंनाही सांगता येत नाही. मधल्या खोलीतून तो अजून येतो: "रडू नको. लोक बघत्यात." पूर्वी तानाबाई उठून ओट्यावर जात. आता त्या आत जातात आणि भिंतीशी, पोरीच्या शेजारी बसतात. मग त्याच स्वरात, तोच हेल काढून, सावकाश म्हणतात, "रड बाई. पायजे तेवढं रड. कोन बघत न्हाई."

रोज दुपारी त्या हे म्हणतात. मग ओट्यावर येऊन शेंगा फोडत बसतात आणि आतून कोणते वाक्य येते, जुने की हे नवे, इकडे त्यांचा कान असतो.